राजधानीत नेलेलं थिएटर: लेस कुर्बास आणि 'बेरेझिल', १९२२ ते १९३३

५ ऑक्टोबर १९३३ रोजी खार्कीव्हमध्ये सोव्हिएत युक्रेनच्या शिक्षण खात्याची बैठक झाली आणि 'बेरेझिल' या नाट्यसंस्थेचा संस्थापक-दिग्दर्शक लेस कुर्बास याला पदावरून दूर करण्यात आलं. संस्थेला मात्र टाळं लागलं नाही. नटसंच तोच राहिला, इमारत तीच राहिली आणि प्रमुखपदी आला तो कुर्बासच्याच तालमीत तयार झालेला नट, मार्यान क्रुशेल्नित्स्की. २६ डिसेंबरला कुर्बासला मॉस्कोत अटक झाली. जवळजवळ चार वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९३७ रोजी, कारेलियातल्या सांदारमोखच्या जंगलात त्याला गोळी घालण्यात आली.

हे प्रकरण सहसा दोन तऱ्हेने सांगितलं जातं. एका तऱ्हेत तो हुतात्मा असतो, दुसरीत 'युक्रेनचा मेयरहोल्ड' (मेयरहोल्ड हा त्या काळचा गाजलेला प्रयोगशील रशियन दिग्दर्शक). दोन्हींत त्याचं रोजचं काम झाकलं जातं. इथे ते काम पाहायचं आहे: त्याने संस्था कशी बांधली, तिचा कणा कशात होता, आणि कुर्बासला काढून टाकल्यावरही ती दुसऱ्या दिवशी प्रयोग लावू शकली ते कसं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. १९३३ मध्ये जे घडलं त्याची सोय १९२६ मध्येच होऊन बसली होती. त्या वर्षी 'बेरेझिल'ला कीव्हहून तेव्हाच्या राजधानीत, खार्कीव्हला, नेण्यात आलं. तेव्हा सगळ्यांनीच ती बढती मानली होती.

शिदोरी

कुर्बासचा जन्म २५ फेब्रुवारी १८८७ चा, सांबिर गावचा. हा गॅलिसियाचा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. आईवडील दोघेही फिरत्या मंडळीतले नट. मुलगा तेर्नोपिलला शिकला, मग व्हिएन्ना आणि ल्वीव्हच्या विद्यापीठांत. व्हिएन्नात त्याने योसेफ काइन्झला रंगमंचावर पाहिलं. त्या नटाचं शब्दावरचं नियंत्रण आणि देहाची चपळाई त्याच्या मनात घर करून राहिली. जर्मन आणि पोलिश येत असल्यामुळे युरोपातली नवी नाटकं आणि नाट्यविचार त्याला कुणाच्या भाषांतराची वाट न पाहता वाचता येत.

सीमेपलीकडे, रशियन साम्राज्यातल्या युक्रेनमध्ये, चित्र वेगळं होतं. झारच्या १८७६ च्या एम्स हुकमाने युक्रेनियन भाषेतले नाट्यप्रयोगच बंद केले. १८८१ नंतर परवानगी मिळाली ती अटींसह: त्याच संध्याकाळी तेवढ्याच अंकांचं एक रशियन नाटकही करायचं, आणि परदेशी नाटकांची युक्रेनियन भाषांतरं करायची नाहीत. या अटींचा परिणाम समजून घेतल्याशिवाय कुर्बासची घाई कळत नाही. क्रोपिव्नित्स्की, सादोव्स्की, साक्साहान्स्की, झान्कोवेत्स्का ही थोर नटमंडळी याच काळातली. पण त्यांना उरलेलं रान एकच: खेडं, गाणं, नाच, प्रेमभंग, गावरान विनोद. मालक-नटाची मंडळी, गळ्यावर चालणारा गल्ला आणि ठरलेल्या भूमिकांसाठी ठरलेले नट, हा थाट आपल्याकडच्या संगीत नाटक कंपन्यांची गोष्ट ठाऊक असलेल्याला अनोळखी वाटणार नाही. सॉफोक्लीस किंवा शेक्सपियर युक्रेनियनमध्ये करायचा तर तो पेलणारा नट आधी घडवावा लागणार होता.

१९१६ मध्ये कुर्बास कीव्हला सादोव्स्कीच्या मंडळीत आला. १९०७ पासून कायम मुक्कामी असलेली ही पहिली युक्रेनियन मंडळी. लगेचच त्याने लिसेन्को संगीत-नाट्यविद्यालयातली तरुण मुलं गोळा करून एक अभ्यासगट सुरू केला. त्यातून 'मोलोदी तेआत्र', म्हणजे तरुण रंगभूमी, उभी राहिली आणि ती १९१९ पर्यंत चालली. या काळात कीव्हवर कुणाचा झेंडा आहे हे महिन्यामहिन्याला बदलत होतं. तरीही नोव्हेंबर १९१८ मध्ये 'राजा ईडिपस' उभा राहिला. ईडिपस स्वतः कुर्बास होता. कोरसमधले लोक रांगेत उभे राहून ओळी म्हणत नव्हते. सगळा समूह एकाच देहासारखा झुकत, मागे सरत, फाकत होता, आणि राजाचं संकट आधी त्या समूहाच्या हालचालीत दिसत होतं. मार्च १९२० मध्ये शेव्चेन्कोच्या 'हायदामाकी' या दीर्घकाव्याचा प्रयोग झाला. त्यात कवीचं निवेदन त्याने स्त्रियांच्या कोरसला वाटून दिलं: कधी एकीचा आवाज, कधी सगळ्यांचा. कथन आणि भाष्य दोन्ही त्याच तोंडांतून. काव्य रंगमंचावर आणताना निवेदक एका बाजूला उभा करून मोकळं होणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर अभ्यासावा.

१९२० च्या उन्हाळ्यात कीव्हमध्ये खायची भ्रांत होती. कुर्बासने एक छोटी मंडळी घेऊन बिला त्सेर्कवा आणि पुढे उमान गाठलं. बिला त्सेर्कवाला ऑगस्टमध्ये 'मॅकबेथ' झालं, आणि मॅकबेथ तोच. युद्ध, टायफस, अपुरं नेपथ्य, आणि समोर शेक्सपियरचं नावही न ऐकलेला प्रेक्षक. हा प्रयोग पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे, कारण चार वर्षांनी तेच नाटक त्याने पुन्हा हाती घेतलं आणि पहिल्यातलं जवळजवळ काहीच ठेवलं नाही.

कारखाना

'बेरेझिल'ची स्थापना कीव्हमध्ये मार्च १९२२ अखेरची. तिच्याकडे नाटक मंडळी म्हणून पाहिलं तर गोंधळ होतो. ती एकमेकांना माणसं आणि माहिती पुरवणाऱ्या अनेक शाखांची जोडणी होती. 'मास्तेर्न्या' म्हणजे नटांच्या कार्यशाळा होत्या, त्यांतली एक बिला त्सेर्कवाला. दिग्दर्शकांची वेगळी प्रयोगशाळा होती. 'रंगभूमीची बॅरिकेड्स' अशा अर्थाच्या नावाचं नियतकालिक होतं. नाट्यसंग्रहालयासाठी साहित्य गोळा करणारी समिती होती, आणि तिची धुरा वासिल वासिल्को या नट-दिग्दर्शकाने उचलली होती. ऐन भरात या सगळ्याशी जोडलेली माणसं चारशेच्या आसपास होती.

नटाचं शिक्षण देहापासून सुरू होई: कसरत, ताल, नृत्य, आवाज. मग येत शब्दांशिवायचे छोटे प्रसंग. एक परिस्थिती घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची हालचाल ठरवायची, आणि ती पक्की करून हवी तेव्हा जशीच्या तशी पुन्हा करून दाखवायची. सुचेल तसं, रोज नवं करणारा नट इथे कच्चा समजला जाई. नटाला ऊर्मी असू नये असा त्याचा अर्थ नव्हता. ऊर्मी तालमीत वापरून घ्यायची आणि प्रयोगात तिचा हिशेब ठेवायचा, असा तो आग्रह होता.

दिग्दर्शकांच्या प्रयोगशाळेत शिकाऊ दिग्दर्शक प्रयोगाचा आराखडा मांडत आणि बाकीचे त्याची चिरफाड करत. बैठकांची टिपणं ठेवली जात. कुर्बासची व्याख्यानं आज वाचायला मिळतात ती अशा नोंदींमुळेच. वासिल्को, लोपातिन्स्की, त्याहनो, बोर्त्निक, इहनातोविच, स्क्ल्यारेन्को, दुबोविक ही नावं युक्रेनियन रंगभूमीच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा भेटतात, आणि सगळी या मुशीतून निघालेली आहेत. तीन वर्षांत एवढे दिग्दर्शक हाताखाली तयार करणारा दुसरा माणूस त्या काळात शोधावा लागेल. बहुतेक मोठे दिग्दर्शक नट घडवतात आणि दिग्दर्शक घडवायला कचरतात. कुर्बास कचरला नाही.

त्याच्या पद्धतीच्या मध्यभागी 'पेरेत्वोरेन्न्या' होतं. एखादी भावना किंवा विचार जसाच्या तसा न दाखवता, प्रेक्षकाच्या डोक्यात तो पुरा होईल असं दुसरं दृश्य शोधायचं. एप्रिल १९२३ मधल्या गेओर्ग कायझरच्या 'गॅस'मध्ये कारखाना दाखवायला यंत्र आणलं नाही. नटांच्या देहांचंच यंत्र केलं आणि स्फोटात ते देहच उधळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीवरचं 'जिमी हिगिन्स' आलं, आणि त्यात फिल्म आली. आंब्रोसी बुचमाचा जिमी रंगमंचावर अडखळतो तेव्हा त्याच्या मनातलं पडद्यावर दिसतं. तो रंगमंचावरून धावत निघतो आणि पडद्यावर धावताना दिसू लागतो. कथेला जोड म्हणून फिल्म लावणं सोपं असतं. इथे तिच्यावर नटाच्या स्वगताचं काम सोपवलं होतं. अशा जोडकामात दोन जागी दगा बसतो: नटाच्या चालीचा वेग आणि चित्रित वेग जुळत नाहीत, किंवा पडद्याच्या उजेडाने रंगमंचावरचा चेहरा पुसला जातो. पहिल्यावरचा इलाज म्हणजे हालचाल पक्की करण्याची तीच जुनी शिस्त. सैल नट फिल्मबरोबर चालू शकत नाही. (पुढे कुर्बासने ओडेसाच्या स्टुडिओत 'वेंडेटा', 'मॅकडॉनल्ड' आणि 'आर्सेनालचे कामगार' हे चित्रपटही केले. त्यांच्या प्रती आज नाहीत.)

एक प्रयोग जवळून: 'मॅकबेथ', २ एप्रिल १९२४

नेपथ्य वादिम मेल्लेरचं. मेल्लेर ब्रोनिस्लावा निझिन्स्काच्या कीव्हमधल्या नृत्यशाळेसाठी काम करून आलेला होता, त्यामुळे कपडे हालचालीत कसे दिसतील याचं भान त्याला आधीपासून होतं. किल्ला, खिंड, दालन यांतलं काहीच बांधलं नाही. वरून मोठे हिरवे फलक सोडले, आणि त्यांवर ठसठशीत लाल अक्षरांत जागेचं नाव लिहिलं. घंटेच्या इशाऱ्यावर फलक खाली येई किंवा वर जाई. काही वेळा दोन जागांचे फलक एकाच वेळी लटकत असत, आणि नट इकडून तिकडे गेला की प्रसंग बदले. फलकांची ये-जा हाही अभिनयाचाच भाग होता: ते प्रसंग तोडत, थांबवत, घाईवर आणत.

कपडे रोजचे, कामाचे, आणि त्यांवर मध्ययुगाची एखादीच खूण. नट विंगेतून स्वतः म्हणून चालत येई, ठरल्या जागी पोचल्यावर पात्रात शिरे, आणि प्रवेश संपल्यावर पात्र तिथेच टाकून साध्या चालीने निघून जाई. मॅकबेथ इवान मार्यानेन्कोचा, लेडी मॅकबेथ ल्युबोव हाक्केबुशची. मार्यानेन्को जुन्या मंडळ्यांमध्ये वाढलेला, भरदार आवाजाचा नट. पात्रात शिरणं आणि बाहेर पडणं असं उघड्यावर करायला लावणं हा त्याच्यासाठी केवढा बदल असेल याची कल्पना करावी. चेटकिणींच्या कपड्यांत विजेचे दिवे लावलेले होते. भयाची सजावट उतरवून त्यांना उघडउघड रंगमंचीय युक्ती केलं होतं.

द्वारपालाच्या जागी बुचमाचा विदूषक होता. त्याला ताज्या घडामोडींवर बोलायची मोकळीक होती, त्यामुळे त्याचा मजकूर बदलत राही. बाकी सगळा प्रयोग दोरीवर चालल्यासारखा पक्का आणि मध्ये हा एकच मोकळा माणूस, असा हिशेब होता.

शेवटच्या प्रसंगात मूळ संहितेच्या पुढे जाऊन भर घातलेली आहे. मॅकबेथ मेल्यावर माल्कमला राज्याभिषेक होतो. बिशप (तोही बुचमाच) मुकुट ठेवून म्हणतो की सत्ता देवाकडूनच येते. तेवढ्यात दुसरा कुणी येऊन माल्कमला ठार करतो आणि मुकुट मागतो. बिशप त्याच सुरात, त्याच शब्दांत, त्याला अभिषेक करतो. मग तिसरा येतो. प्रेक्षक हसतात, आणि पाच-सहा वर्षांत आपल्या शहराने किती झेंडे पाहिले ते त्यांना आठवतं.

हा शेवट आज कुणी उचलायचा म्हटला तर सावधगिरीची जागा एकच: बिशपचा सूर. दुसऱ्या अभिषेकाला त्याने किंचित जरी उपरोध आणला तर विनोद तिथेच संपतो. तिन्ही वेळा विधी तितकाच गंभीर आणि तितकाच वेळ चालला पाहिजे. फलकांचंही तसंच. त्यांच्या ये-जा करण्याची तालीम नटांच्या तालमीपासून वेगळी, शेवटच्या आठवड्यात घेतली तर ते नुसते पाट्या होऊन लटकतात. दोर ओढणाऱ्याला पहिल्या तालमीपासून बसवावं लागतं, कारण इथे तोही नटच आहे.

प्रयोगावर वादळ उठलं. शेक्सपियरची विटंबना झाली असं म्हणणारे होते, आणि युरोपच्या तोडीचं काम झालं असं म्हणणारेही होते. पुढच्या वर्षी पॅरिसच्या १९२५ च्या जागतिक प्रदर्शनात मेल्लेरच्या एका रंगमंच-प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळालं. ती प्रतिकृती 'मॅकबेथ'ची नव्हती, 'ट्रेड युनियनचा सचिव' या प्रयोगाची होती. त्याच वर्षी कुर्बासला 'प्रजासत्ताकाचा लोककलावंत' हा किताब मिळाला.

बढती

१९२६ मध्ये 'बेरेझिल' खार्कीव्हला गेली. १९२३ पासून युक्रेनियनीकरणाचं, म्हणजे कारभारात आणि संस्कृतीत युक्रेनियन भाषेला पुढे आणण्याचं, धोरण अधिकृत होतं, राजधानी खार्कीव्ह होती, आणि तिथे सर्वोत्तम युक्रेनियन थिएटर असावं असं सरकारला वाटत होतं. मिळालं बरंच: सुम्स्का रस्त्यावरचं जुनं नाट्यगृह आणि सरकारी आधार. हेच नाट्यगृह पूर्वी निकोलाय सिनेल्निकोवच्या रशियन मंडळीचं होतं. म्हणजे इथल्या नेहमीच्या प्रेक्षकाला वर्षानुवर्षांची सवय होती ती उत्तम बांधलेल्या, मानसशास्त्रीय, रशियन नाटकाची.

गमावलं काय? कीव्हमध्ये पाच-सात वर्षांत घडवलेला प्रेक्षक. कार्यशाळांचं जाळं, जे मुळात तिथल्या गावांत आणि शाळांत रुजलेलं होतं. आणि काही माणसं: बुचमा चित्रपटाकडे वळला, लोपातिन्स्कीही. आता संस्था एका इमारतीत बसलेली होती, आणि तिला रोज तिकीटखिडकी उघडायची होती. अशा थिएटरचा खर्च प्रयोगशाळेच्या चालीने भागत नाही.

पहिला घाव लगेच बसला. ऑक्टोबर १९२६ मध्ये खार्कीव्हचं दार उघडलं ते क्रोमेलिंकच्या 'सोन्याचं आतडं' या नाटकाने. बेल्जियन लेखकाचं कंजूषपणावरचं उग्र, विद्रूप प्रहसन. नव्या शहरात, नव्या प्रेक्षकासमोर, पहिल्याच दिवशी हे नाटक लावणं ही आमच्या मते कुर्बासच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी व्यावहारिक चूक होती. नाटक वाईट होतं असं नाही. पण ज्या शहराला अजून आपली भाषाच कळलेली नाही तिथे सर्वांत अवघड वाक्य आधी बोलू नये. प्रेक्षक गोंधळला आणि टीकाकारांना वापरायला एक शब्द मिळाला: 'अनाकलनीय'. पुढची सात वर्षं तो त्याच्या मागे राहिला.

मग सावरासावर झाली. वालेरी इन्किझिनोवने १९२७ मध्ये 'मिकाडो' बसवलं. १९२९ च्या सुरुवातीला रेडिओच्या धर्तीवरची 'हॅलो, लहर ४७७!' ही संगीत-विनोदी रंगमाला आली. त्याहनोने शिलरचं 'फिएस्को' केलं. ही हलकी-जड सरमिसळ शिष्यांनी पेलली, आणि गल्ला सांभाळला गेला. कारखाना बांधण्याचा फायदा इथे दिसतो: कुर्बास स्वतः वर्षातून एक-दोन मोठे प्रयोग करू शकला, कारण बाकीचा हंगाम इतरांच्या खांद्यांवर होता.

कुलिश

मिकोला कुलिशची नाटकं मिळाली आणि कुर्बासला त्याचा लेखक सापडला. मार्च १९२८ अखेर 'नारोद्नी मालाखी' आलं. मालाखी हा एका लहान गावातला पोस्टमन. तो स्वतःला कोंडून घेऊन क्रांतीची पुस्तकं वाचतो, डोक्यात 'माणसाच्या सुधारणेच्या' योजना घेऊन बाहेर पडतो, आणि राजधानीतल्या लोककमिसारांच्या, म्हणजे सोव्हिएत मंत्र्यांच्या, परिषदेसमोर त्या मांडायला निघतो. वेड्यांच्या इस्पितळातून, वेश्यावस्तीतून तो फिरत राहतो. मुलगी त्याला शोधायला येते आणि तिचा अंत होतो. मालाखी सोन्याचा समजून एक कर्णा वाजवत राहतो, आणि निघतो तो बेसूर आवाज. क्रुशेल्नित्स्कीचा मालाखी आणि योसिप हिर्न्याकने केलेला त्याचा व्यवहारी गाववाला कुम ही जोडी गाजली. शहर तेच, परिषद तीच, प्रेक्षकांतले अधिकारी तेच. कीव्हमध्ये हा दूरच्या राजधानीवरचा विनोद ठरला असता. इथे तो ज्यांच्यावर होता तेच पुढच्या रांगेत बसलेले होते. संहितेत फेरफार झाले, प्रयोग थांबला, बदलून पुन्हा आला आणि अखेर उतरवला गेला.

एप्रिल १९२९ मध्ये 'मिना माझाइलो'. खार्कीव्हचा एक कारकून आपलं आडनाव गावंढळ वाटतं म्हणून रशियन थाटाचं करून घ्यायला निघतो. घरात भाषेवरून महाभारत माजतं. हिर्न्याकचा मिना, आणि तुफान गर्दी. विनोद दोन्ही बाजूंना झोडपणारा होता: रशियन ऐटीला आणि सरकारी युक्रेनियनीकरणालाही. त्याच वर्षीच्या नाट्यविषयक जाहीर चर्चेत कुर्बासने माघार घेतली नाही. प्रेक्षकाला जे आधीच आवडतं तेच देत राहायचं हे त्याला अमान्य होतं.

आता फास आवळायला लागला. मार्च-एप्रिल १९३० मध्ये 'युक्रेन मुक्ती संघा'चा खटला खार्कीव्हच्या ऑपेरा हाऊसमध्ये, प्रेक्षकांसमोर, चालवला गेला. आरोपी विद्वान आणि लेखक होते. त्याच वर्षी कुर्बासने इवान मिकितेन्कोचं 'हुकूमशाही' बसवलं. धान्यवसुलीवरचं, पक्षाला हवं तसं नाटक, आणि लेखक कुलिशच्या विरोधी गोटातला. कुर्बासने संहिता हाती घेऊन तिचं जवळजवळ संगीत-नाटक केलं: वाक्यांना वाद्यवृंदाचा ताल, रंगमंचाची जमीन हलणाऱ्या चौथऱ्यांची. शब्द सरकारी, रूप त्याचं. ही चाल हुशारीची होती, पण तिचा धोकाही उघड आहे. आता प्रतिपक्ष म्हणू शकला की विषय काहीही द्या, हा माणूस रूपाचाच खेळ करतो. 'रूपवादी' हा शिक्का पुराव्यासह तयार झाला. तडजोड करणाऱ्या कलावंताचं असं बऱ्याचदा होतं. विरोधकाला त्यातून समाधान मिळत नाही, उलट आयतं उदाहरण मिळतं.

१९३३

त्या वर्षी युक्रेनच्या खेड्यांत लाखो माणसं उपासमारीने मेली. अन्नाच्या शोधात आलेली माणसं खार्कीव्हच्या रस्त्यांवर मरून पडत होती. १३ मे रोजी लेखक मिकोला ख्विलोव्हीने आत्महत्या केली, ७ जुलैला युक्रेनियनीकरणाचा आधारस्तंभ मिकोला स्क्रिप्निकने. 'बेरेझिल'ला ज्या धोरणाने राजधानीत आणलं ते धोरणच आता गुन्हा ठरत होतं.

२४ सप्टेंबरला कुलिशचं 'माक्लेना ग्रासा' आलं. नाटक पोलंडमधलं, आर्थिक मंदीतलं. बेकार कामगाराची लहान मुलगी माक्लेना (नतालिया उझ्वी), दिवाळखोर दलाल झ्ब्रोझेक (हिर्न्याक), आणि कुत्र्याच्या खोपटात राहणारा वादक पादुर (क्रुशेल्नित्स्की). घरच्यांना विम्याचे पैसे मिळावेत म्हणून दलाल आपल्यालाच मारायला पैसे देऊ करतो, आणि उपाशी मुलगी तो सौदा घेते. भांडवलशाहीवरचं नाटक म्हणून कागदावर बिनधोक. पण १९३३ च्या खार्कीव्हमध्ये भुकेल्या मुलीचं नाटक पोलंडचं म्हणून कोण पाहणार होतं? काही मोजकेच प्रयोग झाले आणि ते थांबलं. ५ ऑक्टोबरला पदच्युती.

कुर्बास मॉस्कोला गेला. सोलोमोन मिखोएल्सने त्याला ज्यू थिएटरमध्ये 'किंग लिअर' बसवायला बोलावलं होतं. काम सुरू होण्याच्या बेतात असताना अटक झाली. आरोप 'युक्रेनियन लष्करी संघटने'च्या सदस्यत्वाचा, बनावट. एप्रिल १९३४ मध्ये पाच वर्षांची छावणी. आधी श्वेतसमुद्र-बाल्टिक कालव्याची छावणी, मग सोलोव्की बेटं. तिथेही कैद्यांना घेऊन त्याने नाटकं केली. ९ ऑक्टोबर १९३७ रोजी त्रिसदस्यीय मंडळाने मृत्युदंड दिला. सांदारमोखला त्याच दिवशी गोळी घातलेल्यांत मिकोला कुलिशही होता. 'किंग लिअर' मिखोएल्सने १९३५ मध्ये सेर्गेई राद्लोवच्या दिग्दर्शनाखाली केलं आणि ते गाजलं.

काय उरलं, कुठे उरलं

इकडे खार्कीव्हची गाडी चालू राहिली. पक्क्या केलेल्या हालचाली, प्रशिक्षित नट, तयार दिग्दर्शक: संस्थापक नसतानाही संस्था चालावी म्हणून जे जे उभं केलं होतं, त्यामुळेच त्याला काढणं स्वस्त पडलं. क्रुशेल्नित्स्की १९५२ पर्यंत प्रमुख राहिला. १९३५ मध्ये थिएटरला शेव्चेन्कोचं नाव देऊन 'बेरेझिल' पाटीवरून उतरलं. मेल्लेर, उझ्वी, कुर्बासची पत्नी वालेन्तिना चिस्त्याकोवा यांनी पुढे सन्मानाने काम केलं, आणि जुन्या प्रमुखाचं नाव न घेता केलं. हिर्न्याकलाही डिसेंबर १९३३ मध्येच अटक झाली, छावणी भोगून तो पुढे अमेरिकेत गेला आणि आठवणी लिहू शकला. आणखी एक तपशील नोंदवण्याजोगा आहे: जून १९३४ मध्ये राजधानी कीव्हला परत गेली. ज्या कारणासाठी 'बेरेझिल'ला हलवलं ते कारण पदच्युतीनंतर आठ-नऊ महिन्यांत उरलं नाही, आणि थिएटर खार्कीव्हलाच राहिलं.

१९५७ मध्ये कुर्बास निर्दोष ठरला. १९६९ मध्ये कीव्हला त्याच्याविषयीच्या आठवणींचं संकलन निघालं, ते वासिल्कोच्या संपादनाखाली. सांदारमोखची जागा १९९७ मध्ये 'मेमोरियल' या सोव्हिएत दडपशाहीच्या बळींचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या शोधकर्त्यांना सापडली.

आज कुणाला या प्रयोगांची पुनर्रचना करायची असेल तर साधनं विषम आहेत. मेल्लेरची रेखाटनं आणि छायाचित्रं आहेत, प्रयोगशाळेतल्या नोंदी आणि व्याख्यानं आहेत. चित्रपट नाहीत. 'जिमी हिगिन्स'मधल्या फिल्मचा भाग नाही, त्यामुळे त्या प्रयोगातल्या सांध्यांचा वेग अंदाजानेच धरावा लागतो. नोंदींपासून सुरुवात करणं बरं. छायाचित्रांत सगळे नट थांबलेले असतात, आणि या माणसाचं सगळं काम वेगात होतं. १९२३ मध्ये वासिल्कोच्या समितीने सुरू केलेलं नाट्यसंग्रहालय मंडळीबरोबर खार्कीव्हला गेलं नव्हतं. ते कीव्हमध्येच राहिलं आणि पेचेर्स्क मठाच्या आवारात आजही आहे. शोध तिथून सुरू करावा.